लोखंडी कपाटातला निरोप्या

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. ऊन असं, की पत्र्यावर बसलेला कावळासुद्धा पाय उचलून उचलून ठेवत होता म्हणे. म्हणे अशासाठी, की मी काही पाहिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. मी होतो लोखंडी कपाटात, कुलपाच्या आत. कोंबडीची पिल्लं उबवायच्या हॅचरीतला राऊटर मी. कपाट तापलं होतं आणि त्याच्या पोटात मीही.

शिक्षण माझं काही नाही. निरोप आला की पुढे पोचवायचा, एवढंच काम. हमाल कधी पोतं उघडून बघतो का? तसाच मी. आणि माझ्या मनाचं काही चालतही नाही. कोणता निरोप कोणत्या वाटेनं न्यायचा, ते लांबच्या एका ऑफिसात ठरतं. तिथून हुकूम येतो, मी मान डोलावतो.

आधी मी टेबलावर असायचो. उबवणीच्या मशीनमध्ये ताप वाढला, की तिथली छोटी पेटी मला हाक मारायची, मी केबलवरून निरोप धाडायचो आणि मालकिणीचा फोन वाजायचा. पण केबल सारखी तुटायची. त्यामुळे मालकीणबाई जागची हलत नसे. लेक बाळंत झाली, नातू दोन महिन्यांचा झाला, तरी हिनं त्याला फोनवरच पाहिलेलं.

शेवटी एक दिवस मिस्त्री आला. त्यानं माझ्या कुशीत नखाएवढं सिमकार्ड सरकवलं आणि लांबच्या ऑफिसातल्या मुलीला फोन लावला. तिनं तिकडून हुकूम सोडला: केबल गेली तर सिमच्या वाटेनं जा, केबल आली की परत ये. मिस्त्रीनं केबल उपटून पाहिली. अर्ध्या मिनिटात मी नव्या वाटेला लागलो आणि मालकिणीच्या हातातला फोन वाजला. बाई लहान पोरीसारखी हसली.

"मामा, आता मी जाऊन येते. चार दिवस तुम्ही सांभाळाल ना?"

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. कानानं थोडे कमी, पण जिवाला जीव देणारे. मिस्त्रीनं जायच्या आधी त्यांचा नंबरही जोडून दिला. मामा म्हणाले, "जा गं बिनधास्त! एकोणिसाव्या दिवसाची अंडी आहेत, मला कळत नाही का? दोन दिवसांत पिल्लं मोजून देतो तुला."

ती गेली आणि मामांची काळजी सुरू झाली. पिल्लं निघाली की हॅचरीत मऊ लव उडते, कापूस पिंजल्यासारखी. ती मशीनमध्ये शिरते, नाकात शिरते, चहातही पडते. नवं सिम, त्यात लव गेली तर? मामांनी औषधांचं रिकामं कपाट पुसलं, मला आत ठेवलं, मागच्या भोकातून वायरी ओढल्या आणि कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला.

लोखंडाचं दार लागलं आणि माझी रेंज गेली. केबल चालू होती म्हणून कुणाला कळलं नाही. माझ्याकडे बोलायला एक लाल दिवा. तो बंद कपाटात कोण बघणार? लांबच्या ऑफिसातल्या मुलीला मात्र कळलं. तिचा फोन आला.

"काका, सिमला रेंज दिसत नाहीये."

"अहो, नेट चालू आहे ना? मग झालं तर!" मामांनी फोन ठेवला.

तर त्या उन्हाच्या दिवशी रस्त्यावर खणणाऱ्यांनी केबल तोडली. मामा दारातूनच ओरडले, "खणा लेको, खणा! आमच्याकडे सिम आहे!" मग जेवायला मागच्या खोलीत गेले आणि फोन छातीवर ठेवून आडवे झाले.

दुपारी मशीनच्या पंख्याचा पट्टा तुटला. पंखा थांबला, हीटर चालूच. छोटी पेटी हाका मारायला लागली. निरोप घेऊन मी सिमच्या वाटेला धावलो, लोखंडावर आपटलो, मागे आलो. पुन्हा धावलो. दीड हजार अंडी, आत जीव वळवळणारे, आणि मी दारामागे मुका. पन्नास वेळा गेलो असेन. तसा हताशपणा वैऱ्यालाही नको.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. आमच्या उबवणीच्या मशीनच्या घरघरीत दुपारची डुलकी काढायची त्यांना सवय. घरघर थांबली आणि त्यांचे डोळे उघडले. त्यांनी मामांना फोन लावला.

"मशीन बोलतंय का?" मामा दचकून म्हणाले.

"मशीन नाही, मी बोलतेय! तुमचा पंखा बंद पडलाय. उठा!"

मामा अनवाणी धावले. हीटर बंद केला, दारं उघडली, दोघांनी मिळून ट्रे बाहेर काढले. वरचे दोन ट्रे हाताला चटका देत होते. ते गेले. बाकीच्यांत धुगधुगी होती.

मग मामा माझ्याकडे वळले. "मुक्या! एवढे पैसे घालून तुला सिम दिलं, तुझी जीभ कुठं गेली होती?" रागानं कुलूप काढलं, दार उघडलं. अर्ध्या मिनिटात त्यांच्या हातातला फोन वाजला. निरोप तोच: ताप वाढला. पुन्हा वाजला. मामांनी दार लावलं, फोन गप्प. उघडलं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मग त्यांनी दार सताड उघडंच ठेवलं.

"वा!" मावशी म्हणाल्या. "तोंड दाबून ठेवायचं आणि वर विचारायचं, ओरडला का नाहीस!"

मशीन बिघडलं असं मामा सांगू शकले असते. मी काय साक्ष देणार? पण त्यांनी भाचीला फोन लावला. "दोन ट्रे माझ्यामुळे गेले गं. राऊटरचा दोष नाही. मीच कोंडलं होतं त्याला." पलीकडून बाळाचं रडणं आणि तिचा आवाज, "उद्या सकाळी निघते मी." मामा नुसते हो म्हणाले.

बाकीची पिल्लं एक दिवस उशिरानं निघाली. आता मी भिंतीवर आहे, प्लास्टिकच्या डब्यात. कोंडलेलाच, चार स्क्रूंनी आवळलेला. पण या डब्यातून रेंज येते. बाई मात्र त्यानंतर कुठं गेली नाही. सिम तेच, मीही तोच, तिचा विश्वास तेवढा उठला. तुम्हीही कुणाला जपायला म्हणून आत ठेवलं असेल, तर दार लावल्यावर एकदा बाहेरून हाक मारून बघा.

परवा मावशी पिल्लं बघायला आल्या होत्या. जाताना डब्यावरची लव पदरानं पुसली आणि मला म्हणाल्या, "आता तूच ओरडत जा बाबा. माझी झोप काही रोज इतकी सावध नसते."