आज सात हवेत

सत्तरावं मिनिट चाललं होतं, एक-एक बरोबरी होती आणि माझ्या फोनवर बसवंतचा आकडा ६.९ वर अडकला होता. एक दशांश कमी! आजूबाजूची माणसं मैदानाकडे बघत होती आणि मी, नवऱ्याची मॅच बघायला आलेली बाई, फोनमध्ये डोकं घालून बसले होते. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

भानगड काय होती ते सांगते. बसवंत आमच्या बेळगावचा, शहापूरचा. डिफेंडर. वय बत्तीस, म्हणजे फुटबॉलमध्ये म्हातारा. जानेवारीत क्लबनं नियम काढला की सीझनच्या शेवटच्या दहा मॅचमध्ये ज्याचं सरासरी रेटिंग ६.८ च्या खाली, त्याचा करार संपला. नमस्कार! रेटिंग देतं एक ॲप. टॅकल किती केले, पास किती बरोबर गेले, बॉल किती वेळा काढून लावला, सगळं मोजतं आणि दहापैकी आकडा देतं. बसवंतला मिळायचे ६.३, फार तर ६.४.

करार गेला तर तो बेळगावला भावाच्या दुकानात बसणार, कारण या वयाच्या डिफेंडरला दुसरा क्लब कोण घेतोय? माझी नोकरी इथं, व्हाइटफील्डला. लग्नानंतर पाच वर्षं तो गोव्यात आणि मी बेंगळुरात, असा व्हिडिओ कॉलवर संसार केलाय आम्ही. दीड वर्षापूर्वी त्याला इथला क्लब मिळाला, तेव्हा कुठे सर्जापूर रोडला एका छपराखाली आलो. परत ते सगळं? माझ्यानं होणार नव्हतं. सरळ सांगते, होणारच नव्हतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सिस्टीम कुठे फसते ते शोधायचाच मला पगार मिळतो. बसले दोन रविवार, एकीकडे मॅचचे व्हिडिओ आणि दुसरीकडे ॲप लावून. तिसऱ्या व्हिडिओला उलगडा झाला. बसवंत पास सुटायच्या आधीच मधे जाऊन उभा राहायचा. मग समोरच्याला तिकडे पास टाकताच यायचा नाही, तो गपचूप बॉल मागे फिरवायचा. काही घडलंच नाही, तर ॲप मोजणार काय? त्याचा जोडीदार नेहमी उशिरा पोचायचा, धावत येऊन घसरून बॉल काढायचा, लोक टाळ्या पिटायचे आणि त्याला ७.४!

"तुझं काम दिसतच नाही रे," मी त्या दिवशी जेवताना म्हटलं. "बॉल येऊ दे की स्ट्रायकरकडे. मग काढ. टॅकल मोजतात."

त्याचा घास हातातच राहिला. "येऊ देऊ? मुद्दाम?"

"का? तुला टॅकल जमत नाही काय?"

"जमतंय की. पण दहातला एक तरी चुकतोच, प्रणिता. आधीच मधे उभं राहिलं की चुकायचा प्रश्नच येत नाही."

"आणि उभं राहून ६.३ मिळतात. मग जा, दुकानातच उभा राहा."

लागेल असं बोलले. मला येतं तसं बोलायला. तो ताट उचलून आत गेला.

पुढच्या मॅचला तो दोन पावलं मागे राहिला. ७.१! मी घरात नाचले, सासूबाईंनी पाठवलेला कुंदा त्याच्या तोंडात कोंबला. त्यानं तो खाल्ला आणि सरळ झोपायला गेला. त्यानंतर आकडे चढत गेले, आणि खरं सांगायचं तर आमच्यावर गोलही जरा जास्त बसायला लागले. पण त्यांचा ठपका दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जायचा.

हा बदल दिसला फक्त दयानंद सरांना, म्हणजे कोचना. धारवाडकडचे, साठीचे, ॲप कधी उघडून न बघणारे. त्यांनी बसवंतला विचारलं, "मागे का राहतोस रे?" तो म्हणाला, गुडघा दुखतोय. मग एकदा सरांनी मलाच गाठलं. "अक्का, गुडघा लई दुखतोय काय त्याचा?" मी तोंड वर करून म्हटलं, "स्वल्प दुखतोय, सर." नवरा-बायको दोघंही खोटारडे.

आणि आज शेवटची मॅच. संघाला बरोबरी पुरेशी होती. हरलो तर संघ खालच्या डिव्हिजनमध्ये आणि सर घरी, हे ठरलेलं. माझा हिशेब वेगळा होता. पहिल्या तीन-चार मॅचचे ६.३ भरून निघून सरासरी ६.८ व्हायला आज बसवंतला सात हवेत, एवढंच.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्यानं स्ट्रायकरच्या पायातून बॉल काढला. ७.०. पण आकडा खालीही येतो, एखादा पास चुकला तरी येतो, म्हणून जीव टांगणीलाच. त्र्याऐंशीला आणखी एक टॅकल, ७.१. शहाऐंशीला आणखी एक, तो तर असा साफ की अख्खा स्टँड ओरडला. ७.३.

झालं! मिळालं! मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच नीट मैदानाकडे बघितलं. बसवंत अजून मागेच होता. प्रत्येक वेळी समोरच्याला बॉल घेऊ देत होता, मग झेपावत होता. त्याला कुठे माहीत होतं आकडा झाला म्हणून? त्याच्याकडे काय फोन होता?

"बसवंत!" मी उठून ओरडले. "बस झालं! पुढे जा! आता तुझं तू खेळ!"

तीन-चार हजार माणसांत कुठला आवाज पोचणार? पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून म्हणाला, "कूतकोळी मॅडम." मी बसले नाही. लोखंडी कठड्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी पुढे हो, पुढे हो म्हणून खुणा केल्या. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

एक्क्याण्णवावं मिनिट. त्यांच्या मिडफिल्डरनं मान वर केली. मी इतके व्हिडिओ बघितले होते की मलासुद्धा कळलं पास कुठे जाणार. बसवंत थांबला. बॉल स्ट्रायकरकडे आला, तो वळला, बसवंत घसरला आणि बोटभर अंतरानं चुकला. गोल.

दोन मिनिटांत शेवटची शिट्टी वाजली. फोन बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं, तरी काढला. ७.१. म्हणजे त्या गोलची किंमत शून्य पॉइंट दोन. संघ खाली गेला, सरांची नोकरी गेली, आणि वजा झाले फक्त दोन दशांश.

ड्रेसिंग रूमच्या बाहेर यशोवर्धन भेटला, क्लबचा मॅनेजर, पुण्याचा. टीम बुडाली तरी चेहऱ्यावर टवटवी. "वहिनी, आजचा रिझल्ट बॅड लक आहे, पण बसवंतचं काँग्रॅट्स! ॲव्हरेज क्लिअर झालं. दोन वर्षांचा करार. बाकी कुणी काही म्हणो, डेटा खोटं बोलत नाही." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण खोटं ॲप थोडंच बोललं होतं? खोटं बोलले होते मी.

मागून सर बाहेर आले, हातात स्वतःची पिशवी. मला बघून थांबले. "अक्का, दुखऱ्या गुडघ्यानं खेळवला मी त्याला. त्याला बोलू नकोस हं. चूक माझी आहे." मी हो म्हणून मान हलवली. सर पायऱ्या उतरून गेले आणि मी तशीच उभी राहिले. थू माझ्यावर.

बसवंत सगळ्यात शेवटी आला. केस ओले, डोळे लाल.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"७.१. आधी ७.३ होते."

"कधी?"

"शहाऐंशीव्या मिनिटाला."

त्यानं बॅग खाली ठेवली. "मला तो पास दिसला होता, प्रणिता. त्यानं मान वर केली तेव्हाच. दोन पावलं पुढे गेलो असतो तर त्यानं टाकलाच नसता. मला वाटलं अजून एक टॅकल हवाय."

मला रडू फुटलं. त्याचा हात धरून म्हटलं, "सही करू नकोस. ऐक माझं. तू बेळगावला जा, मी दर शनिवारी येते, राहू आपण तसं. आधी राहिलोच की. मी आत्ता जाऊन सरांना सगळं खरं सांगते."

"सही करून आलोय," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय राहायला मला जमत नाही."

त्यानं बॅग खांद्यावर टाकली आणि गेटकडे चालायला लागला. मी मागोमाग. मागे वळून न बघताच तो म्हणाला, "पुढच्या सीझनला किती टॅकल लागतील, तेवढं बघून ठेव."