डावा कान

बाबांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला चर्च भरलं होतं. माझा मोठा भाऊ वेदीजवळ उभा राहून बोलत होता. शूर सैनिक, निष्ठावान पती, कुटुंबाचा वटवृक्ष. वटवृक्ष म्हणे! मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. पण खरं सांगायचं तर ही म्हैस दुभती होती. माणूस चांगलाच होता, म्हणून तर मला अजून रडू येतं आणि रागही येतो.

बाबा तोफखान्यात होते. लढाईत त्यांचा डावा कान कायमचा गेला, उजवा अर्धामुर्धा उरला. परत आल्यावर त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान टाकलं. आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळायचं नाही, म्हणून गल्लीत सगळे त्यांना 'तोफ' म्हणत. कानाला लावायचं यंत्र आणलं तर ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं. आम्हा भावंडांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. आजी, म्हणजे आईची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा तिला रोज उचलून न्हाणीत न्यायचे ते बाबाच. जावई असावा तर असा, असं ती येईल त्याला सांगायची.

मामाचा फोटो पुढच्या खोलीत होता. मामा आईचा एकुलता एक भाऊ, बाबांचा जिवलग दोस्त. तो पायदळात होता आणि त्याच लढाईत गेला. त्याची ट्रंक घेऊन बाबाच आजीच्या दारात आले, शत्रूच्या गोळ्यानं जागच्या जागी गेला म्हणाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी आईशी लग्न केलं. दर वर्षी ते मामाच्या नावानं मिस्सा करवायचे.

आईची जागा कायम बाबांच्या उजवीकडे. जेवताना, चर्चमध्ये, पलंगावर. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती दिवसभराचं सगळं सांगायची, अगदी दूध नासलं तेसुद्धा.

पापनिवेदनाला मात्र बाबा चर्चच्या आत कधी बसले नाहीत. जुने फादर त्यांना मागे नेत, कबरींच्या पार पलीकडच्या भिंतीशी. "इथले लोक चहाड्या करत नाहीत," फादर म्हणायचे. पण बाबा शेवटचे अंथरुणाला लागले तोवर जुने फादर स्वतःच त्या लोकांत जाऊन निजले होते. नवे फादर घरी आले, रीतीप्रमाणे त्यांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दार कसलं, पातळ फळी ती.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. भावानं नळ सोडला. मी भांडी आपटून घासायला घेतली. आई जपमाळ म्हणू लागली. कशाचा काही उपयोग झाला नाही.

"पल्ला मी चुकीचा लावला, फादर! गोळे आपल्याच पोरांवर पडले! त्यात हिचा भाऊ होता!"

आईची 'नमो मरिये' मोठी झाली.

फादरनाही आता ओरडावंच लागत होतं. "अहो, चूक झाली तुमच्या हातून! चूक म्हणजे पाप नव्हे!"

"आणि खोटं बोललो ते? जागच्या जागी गेला म्हणालो! मी धावत गेलो तेव्हा जिवंत होता तो! बहिणीला हाका मारत होता! इतकी वर्षं बाकी सगळं सांगितलं, फादर, एवढं सोडून!"

आई थांबली. मणी बोटांत तसाच राहिला. भावानं उठून नळ बंद केला. पाणी वाया जात होतं ना!

फादर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही काही ऐकलं नाहीत," ते म्हणाले. विचारत होते की बजावत होते, मला कळलं नाही. आईनं त्यांना चहा दिला.

त्या दिवशी आईनं आपली खुर्ची उचलून पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवली. पेज भरवायची, कूस बदलायची, पाठ पुसायची, कशात कसूर नाही. फक्त बोलायची नाही.

"कान पुरता गेला गं," बाबा एकदा मला म्हणाले. "तुझ्या आईचं काहीच ऐकू येत नाही."

मी उजव्या कानाशी वाकले. "माझं येतं?"

"तुझं येतंय की." ते बोलता बोलता थबकले. आईकडे बघत राहिले. मग जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिला ऐकू गेलं का?"

मी होकारार्थी मान हलवली. आमच्या घरात आणखी एका खोट्याला जागा नव्हती.

स्वयंपाकघरात मी आईला धरलं. "आई, माणूस चाललाय. एक शब्द बोल त्यांच्याशी."

"माझा दादाही चालला होता," आई म्हणाली. "गोळा चुकला त्याचं मी काही म्हणत नाही. पण दादानं मला हाक मारली होती. हा माणूस जन्मभर माझ्या शेजारी झोपला आणि ती हाक माझ्यापर्यंत पोचू दिली नाही त्यानं."

मी पेजेची वाटी उचलून खोलीत गेले.

बाबा गेले ते सकाळी. श्वास अडकायला लागला तशी मी आईला बोलावलं. ती डावीकडे बसली, वाकली, त्या मेलेल्या कानाला ओठ लावले आणि स्पष्ट म्हणाली, "माफ केलं तुम्हाला."

"आई, उजव्या कानात सांग गं."

"देवाला ऐकू गेलं. तेवढं पुरे."

मी पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले, खाली वाकलेसुद्धा. "ते तू नाही सांगायचंस," आई म्हणाली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी सरळ उभी राहिले. बाबा उजवीकडेच बघत होते, तिच्या नेहमीच्या जागेकडे, आणि तसेच बघत राहिले.

भाऊ वेदीजवळून सांगत होता, "शेवटच्या क्षणी आई त्यांच्या कानाशी होती." लोकांनी डोळे पुसले. आई माझ्या शेजारी ताठ बसून होती. कुठल्या कानाशी, ते कोणी विचारलं नाही.