रोज पाणी पाजलेला रेडिएटर

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा रेडिएटर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. गाडी दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, चाके बघता, हॉर्न वाजवून बघता. सगळ्यांच्या पुढे, जाळीच्या आत, वारा तोंडावर घेत उभा असतो तो मी. पण माझ्याकडे बघून कोणी 'वा!' म्हटल्याचे मला आठवत नाही. इंजिनाचे मात्र कोण कौतुक! ते निवते कोणामुळे, हे विचारायला वेळ आहे कोणाला?

तांब्याच्या चपट्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या झालरी बसवल्या, वर एक आणि खाली एक पितळेची टाकी डाग देऊन जोडली, की झालो मी. काम सांगायला सोपे आहे. इंजिनात तापलेले पाणी वरच्या पाइपातून माझ्याकडे येते, नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपातून परत जाते. पंप त्याला ढकलतो. मधे थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी पुरेसे तापल्याशिवाय ती दार उघडत नाही. आम्ही सगळे एका चक्रातले. एकाने अंग चोरले की बाकीच्यांच्या जिवाशी येते.

आमची गाडी एका लाँड्रीवाल्यांच्या घरी आली. खालच्या खोल्यांत धुण्याची मोठी यंत्रे, वाफ, इस्त्रीची लांब टेबले. वरच्या खोल्यांत माणसे. टेकडीवर एक इस्पितळ होते. तिथल्या मळक्या चादरी खाली आणायच्या आणि घड्या घातलेल्या स्वच्छ चादरी सकाळी वर पोचवायच्या, हेच आमचे काम. चढ उभा, गाडी भरलेली. इंजिन धापा टाकायचे, पण मी त्याला कधी उकळू दिले नाही. वर पोचल्यावर मालक तापमानाच्या काट्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "गडी थंड डोक्याचा आहे." आयुष्यात मला मिळालेली ही एवढीच शाबासकी. कोणाला फुशारकी वाटली तर वाटो, मी ती जपून ठेवली आहे.

पुढे माझ्या झाकणाची स्प्रिंग सैल पडली. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे, मित्रांनो. ते पाण्याला दाबून धरते, आणि दाबून धरलेले पाणी लवकर उकळत नाही. स्प्रिंग सैल पडल्यावर गरम पाणी थोडे थोडे बाहेर जाऊ लागले. पाणी कमी झालेले मालकांना दिसले, सैल झाकण दिसले नाही. त्यांनी नळाखाली मग धरला, भरला आणि माझ्यात ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "जुनी झाली आता, पाणी पिते," असे त्यांनी बायकोला सांगून टाकले.

मी कशाला पाणी पितोय! पण मला तोंड असून बोलता येत नाही.

त्या नळाचे पाणी फार जड, क्षारांचे होते. घरात सगळ्यांना ते ठाऊक होते. वाफेच्या इस्त्रीत ते घालायला सक्त मनाई होती. त्यासाठी कॅनमध्ये शुद्ध पाणी वेगळे ठेवलेले असे. एखाद्या नव्या कामवालीने चुकून नळाचे पाणी इस्त्रीत ओतले, तर मालकीणबाई तिला फैलावर घेत. "भोकं बुजवायचीत का माझ्या इस्त्रीची? डोकं घरी ठेवून आलीस?" इस्त्रीची त्यांना एवढी काळजी. मालक माझीही काळजीच करायचे, पण नळाच्या पाण्याने.

मालक वारले. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मालकीणबाईंनी पाण्याचा तो मग हातात घेतला. सकाळी स्वतः काही तोंडात घालण्याआधी त्या खाली यायच्या, माझ्यात पाणी ओतायच्या आणि ओतता ओतता मालकांशी बोलायच्या. "धाकट्याचा खोकला गेला नाही अजून. सूनबाई बोलते फटकळ, पण चादरीला घडी घालावी तर तिनंच. तुमचा चष्मा मी कोणाला दिला नाही." मी ऐकत राहायचो. घरात ही बाई कोणापुढे नमत नव्हती. माझ्यापुढे तिचा आवाज इतका खाली यायचा की शेवटचे शब्द मलाही कळत नसत. आणि प्रत्येक मगाबरोबर माझ्या नळ्यांत पांढरा थर चढत होता.

एका सकाळी सूनबाई गाडी घेऊन निघाली. चढाच्या मध्यावर काटा लाल खुणेवर गेला आणि माझ्या तोंडून वाफेचा लोट उठला. चादरी उशिरा पोचल्या. शस्त्रक्रिया खोळंबल्या. इस्पितळातून निरोप आला की पुन्हा असे झाले तर दुसरी लाँड्री बघू.

मेकॅनिकला बोलावले. त्याला सगळे पक्कड म्हणत, कारण एकदा मत धरले की तो सोडत नसे. त्याने आधी थर्मोस्टॅट बदलला. गाडी पुन्हा उकळली. त्याने पंप उतरवला. पंपाची पाती शाबूत होती, पट्टाही ताठ होता. मग त्याने वरच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसून मागे सरला. खालचा पाइप गार लागला.

"बघा!" तो म्हणाला. "पाणी कसं गार होऊन निघतंय. रेडिएटर झकास आहे. इंजिनातच राम नाही राहिला. अजून एकदा उकळली की संपली. भंगारात काढा."

"आई, देऊन टाकू," मुलगा म्हणाला.

"आणि चादरी काय डोक्यावर नेणार आहेस?" मालकीणबाई कडाडल्या. "गाडी गेली की इस्पितळ गेलं. इस्पितळ गेलं की खाली यंत्रं काय शोभेला ठेवायची?"

दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मालकीणबाई खालच्या पाइपाकडे बघत राहिल्या.

"तापलेलं इंजिन, आणि पाणी इतकं गार?" त्या म्हणाल्या. "जाळी काढ रे."

जाळी निघाली. इंजिन तापवून बंद केले, पंखा थांबला. मग त्या बाईने तळहात माझ्या तोंडाजवळ धरला, जन्मभर इस्त्रीजवळ धरला तसाच. वरच्या कोपऱ्यात धग होती. हात जरा खाली सरकला, तिथे गार. मधोमध गार. उजवीकडे गार.

"इस्त्री अशी अर्धी गार कधी लागते, सूनबाई?"

"भोकं बुजली की," सूनबाई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"पण खालचा पाइप गार म्हणजे..." पक्कड आपले मत सोडेना.

"अरे, त्यातून काही येतच नाही, तर गरम काय लागणार?"

आता पक्कड माझ्याकडे वाकला. "पाणी कुठलं घालता यात?"

मुलगा जमिनीकडे बघू लागला.

"नळाचं," मालकीणबाई म्हणाल्या. "रोज. मीच घालते." हात अजून माझ्यावरच होता.

मला उतरवून डागकाम करणाऱ्याकडे नेले. त्याने वरची टाकी सोडवली तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. नळ्यांच्या तोंडांवर पांढरा दगड बसला होता. त्यांनी त्याचा एक तुकडा नखाने काढला आणि चिमटीत धरला. मला वाटले, आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

डागकामवाला पातळ पट्टी घालून एकेक नळी मोकळी करत गेला. "सगळ्या नाही उघडायच्या, काकू. जोर केला तर फुटतील."

"जोर नका करू," त्या म्हणाल्या. "उघडतील तेवढ्या उघडा."

पुष्कळ उघडल्या, काही कायमच्या गेल्या. मला नवे झाकण मिळाले. बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी आणि त्यात मिसळलेले हिरवे कूलंट मिळाले. दुसऱ्या सकाळी मालकीणबाई सवयीने मग घेऊन आल्या. गाडी थंड होती. झाकण उघडले. मी काठोकाठ भरलेला होतो. थेंबभरही जागा नव्हती.

त्या तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना इतके रिकामे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

गाडीत बसलेल्या सूनबाईने शेजारचे दार आतून उघडले. "आई, बसा आत. मामंजींशी काय बोलायचं ते वाटेत बोला."

"तुला काय ठाऊक मी काय बोलते?"

"खिडकी वरच आहे माझी. माझ्या घड्यांचं कौतुकसुद्धा ऐकलंय."

"ऐकलंस तर डोक्यात नको जाऊ देऊस," असे पुटपुटत त्या बसल्या. त्या गाडीत त्या पहिल्यांदाच पुढे बसल्या होत्या. चढ सुरू झाला. इंजिन धापा टाकू लागले. माझ्या उरलेल्या नळ्यांतून पाणी धावत होते आणि मी जिवाच्या करारावर ते निववत होतो. पंख्याच्या आवाजात मला सगळे ऐकू आले नाही. पण त्या मालकांना सांगत होत्या, मोठ्याने, की ही मुलगी गिअर फार आपटते. आणि ही मुलगी हसत होती.

"काटा कुठे आहे गं?"

"मध्यावर."

"थांबू नकोस मग. चल."

चादरी वेळेवर पोचल्या.

मित्रांनो, माझा कोणावर राग नाही. मालकांनी आणि मालकीणबाईंनी मला जीव लावला, एक दिवसही विसरले नाहीत. फक्त रोजचे पाणी जाते कुठे, हे विचारायचे राहून गेले. तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि ती रोज पाणी मागत असेल, तर नुसते ओतत बसू नका. ती गरम असताना झाकणाला हात लावू नका, हात भाजेल. थंड होऊ द्या. मग मोठ्यांना बोलवा, झाकण उघडा, आणि ती कुठून रिकामी होते आहे ते शोधा.