तथापि

अपील कोर्टात माणसाला कुणी काही विचारत नाही, हे रोलरवालीला सहा वर्षांनी कळलं. खालच्या कामगार कोर्टात निदान पिंजऱ्यात उभं केलं होतं, उलटसुलट विचारून भंडावून सोडलं होतं. इथं उंच खुर्च्यांवर तीन न्यायाधीश, समोर दोन वकील, मध्ये कागदांचे गठ्ठे, आणि ती सगळ्यात मागच्या बाकावर. दीड तास तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिच्याशी नाही. तिचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. सारखं आपलं "प्रतिवादी" आणि "प्रतिवादी".

"दावा मी लावला आणि प्रतिवादी पण मीच?" तिनं आत जाण्याआधी वकीलबाईंना विचारलं होतं.

"अपील कंपनीचं आहे ना ताई, म्हणून. खाली आपण जिंकलो, म्हणून ते वर आले."

"म्हणजे जिंकलं की माणूस आरोपी होतो."

वकीलबाई हसल्या. रोलरवाली हसली नव्हती.

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तिनं एकोणीस वर्षं काढली होती. तिथं बायकांना कामावरूनच हाक मारायची रीत. चादरींच्या घड्या घालायची ती घडीवाली, डाग काढायची ती डागवाली आणि वाफेचा मोठा रोलर चालवायची ती रोलरवाली. ओली चादर समोरून दोन्ही कडा धरून आत सरकवायची, मागून ती कडक होऊन बाहेर पडायची. रोलर इतका तापायचा की उन्हाळ्यात मॅनेजर खाली उतरायचाच नाही. वरच्या थंड केबिनमधून फोन करायचा.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असायची. बोट चुकून पुढं गेलं की पट्टीला लागायचं आणि रोलर जागच्या जागी थांबायचा. पण जाड चादर गोळा होऊन आली तरी पट्टीला लागायची, आणि मग पुन्हा चालू करण्यात दोन मिनिटं जायची. दिवसाला अशी पाऊण तासाची खोटी. मॅनेजरनं एक दिवस पाना मागवला आणि पट्टी काढून कपाटावर ठेवून दिली. रोलरवालीनं तीनदा सांगितलं, एकदा लिहूनही दिलं. "बघू," तो म्हणाला.

मग एके दिवशी समोर उभी राहून चादर आत सरकवणारी बाई रजेवर होती, म्हणून घडीवालीला तिच्या जागी उभं केलं. पंचविशीची पोर, समोरच्या कामाची सवय नाही. तिसऱ्याच चादरीला तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. रोलरवालीनं लाल बटण दाबलं, वाफेचा नळ बंद केला, मागून चाक उलटं फिरवून हात मोकळा केला. त्या हाताकडं तिनं एकदाच पाहिलं. घडीवालीला गाडीत घालून पाठवल्यावर ती परत आली आणि रोलरसमोर स्टूल टाकून बसली.

"पट्टी बसवल्याशिवाय हा रोलर फिरणार नाही," ती म्हणाली. "कुणाला फिरवायचा असेल त्यानं आधी मला आत घालावं."

दोन दिवस रोलर बंद राहिला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात पत्र पडलं: काम बंद पाडून संस्थेचं नुकसान केल्याबद्दल कमी करण्यात येत आहे.

धोक्याचं यंत्र थांबवल्याबद्दल कामगाराला काढता येत नाही, असा कायदा होता. कंपनीलाही तो ठाऊक होता. म्हणून कोर्टात कंपनीनं वेगळीच चाल केली. ही बाई कामगारच नाही, असं त्यांनी सांगितलं. ही सुपरवायझर आहे. सुपरवायझरला कामगार कोर्टात पाऊल टाकायचा अधिकार नाही.

झालं होतं असं, की त्याच्या चार वर्षं आधी दहा वर्षं पूर्ण केलेल्या, रोलरवालीसकट बारा बायकांना मॅनेजरनं एकेक बिल्ला दिला होता. निळा, वर पांढऱ्या अक्षरांत "सुपरवायझर". टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. पगार तोच, काम तेच. सुपरवायझरला जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, एवढंच काय ते बदललं होतं, आणि ते फोटोत दिसत नव्हतं.

त्यातल्या बाकीच्या अकरा जणींपैकी एकही कोर्टात साक्षीला आली नाही. उलट कंपनीच्या बाजूनं एक प्रतिज्ञापत्र आलं, खाली डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही: पट्टी जागेवरच होती, माझा हात माझ्याच निष्काळजीपणामुळं अडकला. घडीवालीचं होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा रोलरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अपघातानंतर आलेल्या सरकारी तपासनीसानं पट्टी कपाटावर पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती म्हणून बरं. खालच्या कोर्टानं त्या कागदावर विश्वास ठेवला नाही आणि तिला परत कामावर घ्या म्हणून सांगितलं. कंपनीनं घेतलं नाही. अपील केलं. आणखी तीन वर्षं गेली.

आता कंपनीचे वकील एक रजिस्टर उघडून उभे होते.

"प्रतिवादी कामगारांच्या रजा मंजूर करत होत्या. प्रत्येक पानावर त्यांची सही आहे. हे सुपरवायझरचं काम नाही तर काय?"

मागच्या बाकावर रोलरवाली पुढं सरकली. रजा मंजूर? नोंदवून सही करायची आणि चिठ्ठी वर न्यायची, एवढंच काम होतं ते! साहेबांना गरम होतं म्हणून! ती उभी राहिली.

"अहो, मला विचारा ना," ती म्हणाली. "मी इथंच बसलेय."

शिपाई धावत आला. मधल्या न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आपण आपल्या वकिलांमार्फत बोला. बसा."

ती बसली. एकोणीस वर्षं जे हातांनी केलं, ते सांगायला तिच्याच तोंडाला परवानगी नव्हती. जे कधी लाँड्रीच्या दारातही उभे राहिले नव्हते, त्या दोघांना होती.

पण कडेच्या न्यायाधीश बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "यांना एखादी रजा नामंजूर करता येत होती का?"

वकील पानं उलटायला लागले. बराच वेळ उलटत राहिले.

"रेकॉर्डवर तसं उदाहरण नाही," ते शेवटी म्हणाले.

"एकही नाही?"

"नाही."

निकाल तीन महिन्यांनी लागला. मधल्या न्यायाधीशांनी फक्त शेवटची पानं वाचली. माणूस कामगार आहे की नाही हे बिल्ल्यावर ठरत नाही, तो दिवसभर प्रत्यक्ष काय करतो त्यावर ठरतं. प्रतिवादी कामगार होत्या. यंत्र थांबवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांना काढून टाकणं बेकायदेशीर होतं. वकीलबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. रोलरवालीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

"तथापि," न्यायाधीश म्हणाले.

हा शब्द तिनं आयुष्यात कधी वापरला नव्हता. तथापि, सहा वर्षांचा काळ लोटला आहे. तथापि, मालक आणि कर्मचारी यांच्यातला परस्परविश्वास उरलेला नाही. सबब, पुन्हा कामावर घेण्याचा आदेश रद्द करण्यात येत असून त्याऐवजी तीन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई देण्यात यावी. न्यायाधीश बाईंचं मत वेगळं होतं, पण दोघं विरुद्ध एक.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाईंचा फोन थांबेना. "मोठा निकाल आहे," त्या कुणाला तरी सांगत होत्या. फोन ठेवून त्यांनी रोलरवालीला मिठीच मारली. "ताई, जिंकलो! आता कुणालाही नुसता बिल्ला लावून कायद्याबाहेर काढता येणार नाही. तुमचा निकाल आता सगळीकडं दाखवतील."

"हो का? मग मी उद्या किती वाजता कामावर जाऊ?"

वकीलबाईंचे हात सैल पडले.

"तसं नाही, ताई. कामावर नाही..."

"मी बरोबर होते असं म्हणाले ना?"

"हो."

"त्यांनी चूक केली असं म्हणाले ना?"

"हो, पण..."

"मग ते आत आणि मी बाहेर, हे कसं? आणि विश्वास कुणाचा उडाला म्हणे? माझा की त्यांचा? मला विचारलं कुणी? माझा विश्वास त्या रोलरवर होता, तो अजून आहे!" ती इतक्या जोरात बोलली की जिन्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "सहा वर्षं लावली यांनीच, आणि आता म्हणतात फार वर्षं झाली. तोंडाला पानं पुसली माझ्या!"

वकीलबाईंनी वरच्या कोर्टाचा विषय काढला, आणि लगेच प्रामाणिकपणे सांगितलं की तिथं जाऊन हा भाग बदलेल असं वाटत नाही, उलट हातातलंही जाईल. रोलरवाली जिना उतरली.

घरी नवरा वाटच पाहत होता. तो लिफ्टदुरुस्तीची कामं करायचा, स्वभावानं थंड. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "जेवढं मिळालं तेवढं घे आणि जरा शांत बस. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी हेच सांगतो. दार बडवू नका, जीव घाबरा होतो."

"आणि ते ऐकतात?"

"नाही. बडवतात."

"आणि तुम्हाला कळतं कशावरून, की आत कुणी अडकलंय?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं आणि चहा टाकायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती लाँड्रीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. पहारेकरी जुना ओळखीचा होता. त्यानं आत सोडलं नाही, पण हाकललंही नाही. गरम होतं म्हणून शटर अर्धं वर केलेलं होतं आणि खालून रोलर दिसत होता. त्याच्या तोंडाशी आडवी पट्टी होती. पिवळ्या रंगात रंगवलेली, चांगली चार नटांनी आवळलेली.

"ही कधी बसवली?"

"खालच्या कोर्टानं निकाल दिला ना, त्याच आठवड्यात," पहारेकरी म्हणाला. "तुझ्यामुळंच बसली बघ."

त्याला वाटलं, तिला बरं वाटेल. तिला फाटक उचकटून फेकावंसं वाटलं. पट्टी बसवली, म्हणजे चूक कळली होती. कळूनसुद्धा तीन वर्षं वकील उभे केले, फक्त तिला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. पट्टीला जागा मिळाली होती. पट्टी मागणारीला नाही.

पंधरा दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. लाँड्रीतल्या नऊ जणी ऑफिसात आल्या आहेत. त्यांनाही बिल्ले आहेत, बुडालेल्या जादा तासांसाठी अर्ज करायचा आहे. "तुमच्या निकालाच्या आधारावर," वकीलबाई चाचरत म्हणाल्या. "तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी समजू शकते."

ती गेली. मदत करायला नाही, बोलायला गेली. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या छोट्या ऑफिसात नऊ जणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. ती दारात दिसताच सगळ्या उठल्या. एक जण म्हणाली, "अभिनंदन, ताई."

"अभिनंदन कशाचं गं? मेले नाही म्हणून?" रोलरवाली दारातूनच बोलायला लागली. "सहा वर्षं कुठं होतात? पट्टी काढली तेव्हा तुम्ही सगळ्या तिथं होतात. पाना तू आणून दिलास, डागवाले. एक जण, फक्त एक जण कोर्टात उभी राहिली असती, तर हे इतकं लांबलं नसतं. आज मी रोलरवर असते. मी भांडत होते तेव्हा मूग गिळून बसलात, आणि आता ताट वाढलंय म्हटल्यावर आलात होय?"

डागवाली हळूच म्हणाली, "घर चालवायचं होतं, ताई."

"मला नव्हतं?"

कोपऱ्यात एक जण उजवा हात पिशवीमागं झाकून बसली होती. घडीवाली. ती नऊ जणींतली नव्हती, तिला बिल्ला कधीच मिळाला नव्हता. ती कशाला आली हे रोलरवालीला कळेना.

"ते म्हणाले, सही केली नाहीस तर उपचार बंद," घडीवाली म्हणाली. "दोन ऑपरेशनं राहिली होती. ताई, मला माफ..."

"करणार नाही," रोलरवाली म्हणाली. "ऑपरेशनं करून घेतलीस ते बरोबर केलंस. पण माफ करणार नाही. येऊन मला सांगितलं तरी असतंस."

घडीवाली रडायला लागली. कुणी तिची समजूत काढायला पुढं झालं नाही, सगळ्या रोलरवालीकडं पाहत राहिल्या. तिला तिथून निघून जायचं होतं. जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. तिथं उभी राहिली, खाली रस्त्यावरची रहदारी पाहिली, आणि आणखीच संताप आला. आपण गेलो तर या बायका अर्जात काय लिहितील हे तिला दिसत होतं. "आम्ही सुपरवायझर म्हणून काम करतो," असं पहिल्याच ओळीत लिहितील आणि तिथंच खड्ड्यात पडतील.

ती परत आत आली, वकीलबाईंच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि खुर्ची सरकवून बसली.

"बिल्ल्याचं मला सांगू नका," ती म्हणाली. "सकाळी आत आल्यापासून काय उचलता, काय धुता, किती वाजता पाणी पिता, ते सांगा. कुणाला रजा नाकारलीत का? कुणाला कामावर घेतलंत का? मग तेही सांगा. खोटं एक अक्षर नको. तिथं वरती प्रत्येक ओळ चिवडतात."

डागवाली पुढं सरकली. रोलरवालीनं हात आडवा केला.

"तू नाही. आधी ही." तिनं घडीवालीकडं बोट दाखवलं. "त्या दिवसाचं. पट्टी कुठं होती तिथपासून. तुझा दावा वेगळा लावायचाय, पण आधी हे कागदावर येऊ दे."

घडीवालीनं डोळे पुसले आणि पुटपुटत काहीतरी सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल," रोलरवाली पेन उघडत म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये."