मेंढ्याच्या पाठीवरचा लपलेला टाका

आत्याबाईंनी आपलं अर्धं काम आजवर कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. पण डोळ्यांत पडदा वाढला, जाळीच्या कापडाची भोकं एकमेकांत मिसळायला लागली, तेव्हा त्यांनी भाचेसुनेला समोर बसवलं.

कापडावर लोकरीनं भरलेला मेंढा होता. तोंड, शिंगं, पाय सपाट टाक्यांचे, पण पाठ! पाठीवर लोकरीचे शेकडो फास एकमेकांना खेटून उभे. शेवटी कात्रीनं त्यांची डोकी उडवायची, म्हणजे लोकर अशी फुलते की हात फिरवला तर मेंढा ओरडेल असं वाटावं. अर्धी पाठ अजून उघडी होती.

"एक टाका सैल सोडायचा, तो फास. पुढचा घट्ट आवळायचा. तो दिसत नाही, पण फासाला धरून ठेवतो तोच," आत्याबाई म्हणाल्या. "एक मिरवणारा, एक राबणारा."

"घरातल्यासारखंच की," भाचेसून पुटपुटली.

"जिभेला धार आहे. आता हात दाखव. जमलं तर सुयांची डबी तुझी."

त्या डबीवर भाचेसुनेचा लग्न होऊन आल्यापासून डोळा होता. आतल्या सुया आत्याबाईंच्या बोटांनी घासून घासून रेशमासारख्या झाल्या होत्या.

पण तिला वेळ मिळायचा तो लेक ठमी झोपेल तेवढाच. ठमी दहा महिन्यांची, आणि झोप मांजराची. सुईत लोकर ओवावी, दोन फास घालावेत, की आतून हाक आलीच! एका दुपारी तिनं राबणारा टाका गाळून पाहिला. ओळ निम्म्या वेळात संपली. दिसायला अगदी तशीच! मग तशाच आणखी तीन ओळी झाल्या.

शनिवारी आत्याबाई आल्या. खुर्चीवर ठेवलेल्या मेंढ्यावरून त्यांनी बोटं फिरवली आणि काहीच बोलल्या नाहीत. चोराच्या मनात चांदणं. भाचेसून उगाच चहाचे कप पुसत राहिली.

तेवढ्यात ठमी खुर्चीला धरून उभी राहिली आणि तिनं मेंढ्याची पाठ मुठीत धरली. आधी आत्याबाईंच्या बाजूची. गुडघे वाकवून पोरगी चक्क लोंबकळली, पण एक धागा हलेल तर शपथ! मग तिनं मूठ सरकवली. सर्रकन अख्खी ओळ निघून हातात आली. ठमीनं ती तोंडात घातली.

"अगंबाई, ह्याला न्हाव्याकडे कोणी नेलं?" आत्याबाई म्हणाल्या.

'ठमीनं ओढलं' हे भाचेसुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "आत्याबाई, आवळायचा टाका मी घातलाच नव्हता. चारही ओळींत."

"ठाऊक आहे. पडदा डोळ्यांवर पडलाय, बोटांवर नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, आधी तू सांगतेस का ठमी, बघू तरी."

उरलेल्या तीन ओळी उसवताना भाचेसुनेनं कापड उलटं केलं आणि बघतच राहिली. आत्याबाईंनी भरलेल्या अर्ध्या पाठीच्या मागे आवळलेले टाके एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे चालले होते. कुणी कधी बघणारही नव्हतं तिथे! डोळे अधू होत चाललेले असताना ह्या बाईनं इथेही हात राखला नव्हता. भाचेसुनेनं त्या रांगेवरून हळूच अंगठा फिरवला.

मग नऊ दुपारी गेल्या. एक सैल, एक घट्ट. ठमी उठली की सुई खाली, निजली की पुन्हा हातात. पाठ पूर्ण झाली.

"कात्री लावायच्या आधी परीक्षकबाईंना बोलाव," आत्याबाईंनी फर्मावलं.

ठमीनं नवी बाजू धरली. ओढली. लालबुंद झाली, खुर्चीला पाय लावून पुन्हा ओढली, मूठ सुटली आणि धपकन बुडावर बसून तिनं भोकाड पसरलं. मेंढा होता तसाच.

आत्याबाईंनी सुयांची डबी पुढे केली, तिच्यावर कात्री. भाचेसुनेचे दोन्ही हात पुढे झाले.

"आधी पोरीला उचल, बाई," त्या हसत म्हणाल्या. "मेंढा आता कुठे जात नाही."