आकारामतात्यांच्या जीपचं कपलिंग

पलूसच्या आकारामतात्यांच्या घरी सकाळी आधी जीप, मग चहा. तात्या फौजेत ड्रायव्हर होते. तिथं गाडीला किल्ली लावण्याआधी तिची नखशिखांत तपासणी व्हायची, तिला फर्स्ट परेड म्हणत. पेन्शनीत येऊन मिशा पांढऱ्या झाल्या, तरी तात्यांची परेड चुकली नव्हती. फक्त जोडीदार बदलला होता. फौजेत दुसरा जवान असायचा, इथं त्यांची बायको हरणाबाई होत्या. त्या पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि स्टिअरिंग बोटभर इकडं, बोटभर तिकडं हलवत. तात्या बॉनेट उघडून आत वाकत आणि कपलिंगवर तळहात ठेवत.

हे कपलिंग म्हणजे जीपचं मनगटच. स्टिअरिंगपासून चाकं वळवणाऱ्या खालच्या पेटीपर्यंत एक लोखंडी दांडा जातो. तात्यांची डिस्पोजलची, म्हणजे फौजेनं लिलावात काढलेली जीप नवी होती तेव्हा तो एकसलग होता. पुढं कधीतरी दुसऱ्या गाडीची पेटी बसवली, ती तिरकी बसली, म्हणून दांड्याचे दोन तुकडे करून मधे जाड रबराचं कपलिंग घातलं. वर स्टिअरिंग हललं की त्याच क्षणी खाली कपलिंग हललं पाहिजे. नाही हललं, तर काहीतरी ढिलं झालंय, असा परेडचा नियम.

"हलीव की गं," तात्या आतून म्हणाले.

"आवं, मगाधरनं हलवतीया!"

"हितं तर काय बी पोचंना."

"मग माझं हात काय हवेत फिरत्यात?"

तात्यांनी तळहात आणखी दाबून धरला. काही नाही. गेले काही महिने असंच चाललं होतं. गाडी चालवतानाही रस्ता हाताला लागत नव्हता. पूर्वी तसं नव्हतं. लडाखात असताना तात्या डोळ्यांपेक्षा तळव्यांवर जास्त विश्वास ठेवत. वाळू आली की स्टिअरिंग जड व्हायचं, बर्फ आलं की एकदम हलकं, आणि खडी आली की सगळा रस्ता हातात येऊन बोलायला लागायचा. आता रस्ता मुका झाला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर तात्यांना ती जुनी थरथर आठवे आणि हाताच्या मुठी आपोआप वळत. माहेरच्या माणसाची वाट बघावी, तशी ते त्या थरथरीची वाट बघत होते.

"रबर मेलंय," त्यांनी बॉनेट लावून निकाल दिला. "सांगलीला जायाचं."

सांगलीत दिग्विजयचं गॅरेज होतं. जुन्या जीपा हाच त्याचा संसार. त्यानं हेल्परला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः कपलिंग धरलं, दोनदा मान हलवली आणि हात पुसले.

"तात्या, ह्यात जरा बी ढिलाई न्हाई. हे रबर माझ्या लग्नाआधीचं हाय, पण माझ्या लग्नापेक्षा घट्ट हाय बघा."

"तुझ्या लग्नाचं तुझ्या बायकोला इचार. मला रस्ता लागत न्हाई हाताला."

"रबराचं काम तेच हाय की. दणका गिळायचं."

"गिळू दे. पण ह्यानं समदंच गिळलंय!"

दिग्विजयनं फळीवरून दुसरं कपलिंग काढलं. हे सगळं लोखंडी, मधे अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस आणि चारी टोकांना बारीक बेअरिंगं. त्यानं दोन्ही तात्यांच्या पुढ्यात ठेवली. "हे बघा. रबर घेतलं तर हात निवांत राहत्यात. लोखंडी घेतलं तर चाकाखाली काडी मोडली तरी हाताला कळतंय. पण खराब रस्त्याला हात बधिर व्हत्यात. ह्या वयात कशाला तरास? माझं ऐका, हाय तेच राहू दे."

"लोखंडी बसीव."

"तात्या—"

"लेका, मी गाडी चालवत हुतो तवा तुझा बा सायकल शिकत हुता."

दिग्विजय हसला आणि पाना घेतला. पोरानं चहा आणला. काचेचा ग्लास तात्यांनी पंजात गच्च धरला आणि जीपखालून दिसणाऱ्या दिग्विजयच्या पायांकडं बघत घोट घोट पीत राहिले. हरणाबाईंनी आपला ग्लास पदरानं धरला होता.

"चटका बसंना व्हय तुमाला?"

"फौजेतली कातडी हाय," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. यमाईच्या दर्शनाला दोघं औंधला निघाली. कडेगाव मागं पडलं तरी तात्या गप्पच होते. हरणाबाईंनी एकदोनदा त्यांच्याकडं पाहिलं. नव्या कपलिंगचं कौतुक ऐकायची तयारी करूनच त्या बसल्या होत्या.

"काय म्हणतंय लोखंड?"

"जरा बसू दे त्याला. नवं हाय."

पुसेसावळीच्या पुढं रस्त्याचं काम निघालं होतं. डांबर उखडून मोठी खडी पसरली होती. तात्यांनी गिअर उतरवला आणि जरा पुढं सरकून बसले. ह्याच खडीची ते वाट बघत होते. चाकं खडीवर चढली. टप खडखडला, मागं पाण्याचा कॅन नाचायला लागला.

तात्या थरथर यायची वाट बघत राहिले. हातात काही येत नव्हतं.

"आवं, किती हादरतंय हे!" हरणाबाई ओरडल्या. "तुमचं हात बघा की!"

तात्यांनी पाहिलं. स्टिअरिंग असं थरथरत होतं की त्याची कड धूसर दिसत होती. त्यावर ठेवलेले त्यांचे दोन्ही हात, मनगटापासून कोपरापर्यंत, नाचत होते. दुसऱ्याच कुणाचे हात असावेत, तसं ते त्यांच्याकडं बघत राहिले.

हरणाबाईंनी घाबरून स्टिअरिंगवर हात ठेवला. त्यांच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या एकदम किणकिणल्या.

तात्यांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शेजारच्या रानातून कुणीतरी बैलाला हाकत होतं.

"तुला लागलं हाताला?" तात्यांनी विचारलं.

"लागलं म्हंजे? मुंग्या आल्या."

"मला काय बी लागलं न्हाई." त्यांनी तळवे उलटेपालटे करून बघितले. "कपलिंग चांगलंच हुतं गं. दिगू खरं सांगत हुता. वर तू हलवत हुतीस, खाली ते बी हलत हुतं. माझ्याच हाताला कळत न्हवतं."

तात्यांना साखरेचा आजार होता. साखर पायात उतरते, पाय बधिर होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातातही उतरते हे त्यांनी सांगितलं असेल, पण तात्यांनी ऐकलं नव्हतं. हरणाबाईंनी त्यांचा तळहात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्यानं दाबत बोटांच्या टोकापर्यंत गेल्या. "हे? हे तरी?" तात्या नकारार्थी मान हलवत राहिले.

शेवटी ते खाली उतरले, बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडं."

"मी? औंधापातूर?"

"बागेत खताची पोती कोण नेतंय? शिकीवलंय की तुला. तवा लय रडली हुतीस."

"तुमी लय वरडत हुता म्हणून."

"आता न्हाई वरडणार."

हरणाबाईंनी पदर खोचला. पहिल्यांदा क्लच झटकन सुटला आणि जीपनं उडी मारली. तात्यांनी ओठ मिटून घेतले. दुसऱ्यांदा जीप नीट निघाली. औंधला यमाईपुढं दोघांनी नारळ ठेवला. कुणी काय मागितलं हे कुणी विचारलं नाही.

परत निघताना हरणाबाई तळवे चोळत होत्या. "लय झिणझिण्या येत्यात ह्या लोखंडानं."

"पलूसला थांबू नगंस. तशीच सांगलीला घे. रबर परत बसवू."

"पण तुमाला तर लोखंडीच पायजे हुतं!"

"चालवणाऱ्याचं हात बघून कपलिंग घ्यायचं असतंय," तात्या म्हणाले. "आता चालवणारी तू."

हरणाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खडी आली. स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि बांगड्या वाजायला लागल्या. बारीक खडीवर बारीक, मोठ्या दगडावर खणकन, खड्ड्यात एकदम गप्प आणि मग पुन्हा किणकिण. तात्यांनी डोळे मिटले. मुठी मांडीवर आपोआप वळल्या. डावीकडं जरा भुसभुशीत आहे, त्यांना कळलं. आता कडक लागलं. आता मधे दगड.

"एवढं कसलं हसताय?" हरणाबाईंनी विचारलं.

"जरा दमानं घे," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "फुडं डांबर लागतंय, मग ह्या बांगड्या गप व्हत्यात."