सोपानराव, बटण सोडा!

मित्रांनो, खिशात मावतो म्हणून मला मोबाइल समजू नका. मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी गप्पांचा, एक जुना डिजिटल सेट आहे. परीक्षा देऊन परवाना काढलेली माणसंच मला बोलतं करतात. निघोज्याच्या उद्धवरावांनी मला घरी आणलं, तेव्हा माझा थाट काय विचारता! मी त्यांच्या आवाजाचे आकडे करून शेजारच्या कुरुळीच्या सोपानरावांच्या गच्चीवरच्या पेटीकडे धाडायचो. पेटी ते इंटरनेटवर चढवायची, की आवाज थेट शिकागोला. एकदा तिकडचे नानासाहेब माझ्यातून शिंकले, तर निघोज्याच्या कोंबड्या माळ्यावर चढल्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

मला एक वळण लावलेलं आहे. माझं बटण दाबून धरलं की बोलता येतं, पण दुसरं कोणी बोलत असताना ते दाबलं, तर मी नुसतं 'टूंक' करतो. आवाज पुढे सोडत नाही. म्हणून आमच्यात रीत आहे, की प्रत्येकानं बोलून झाल्यावर श्वासभर थांबायचं. कोणाला मधे यायचं असेल तर येऊ द्यायचं. माझ्या या सभ्यपणाचं फार कौतुक व्हायचं.

एका सकाळी उद्धवराव अँटेना सरळ करायला गच्चीवर गेले आणि टाकीवरून घसरले. पाय अंगाखाली सापडून मोडला. मोबाइल खाली चार्जिंगला होता. मुलगा आणि भाडेकरू पहिल्या शिफ्टला गेलेले. शेजारच्या वर्कशॉपातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडीत त्यांची हाक कठड्यापलीकडेही जाईना. कमरेला फक्त मी होतो.

त्यांनी बटण दाबलं. टूंक!

तिकडे सोपानराव रंगात आले होते. "अख्खी कंपनी हरली, नानासाहेब! मशीन मी बायकोच्या केसातल्या आकड्यानं चालू केली, राव!"

"काय सांगता!" नानासाहेब म्हणाले. ते थांबतात न थांबतात तोच सोपानराव पुन्हा सुरू. "हे तर काहीच नाही, दुसरी ऐका..."

टूंक!

"आरं सोपाना, बटन सोड की," उद्धवराव कळवळले. ऊन चढलं. त्यांचे ओठ सुकले. आणि मी मात्र दर वेळी सभ्यपणे नकार देत राहिलो. असला सभ्यपणा वैऱ्यालाही मिळू नये.

अखेर सोपानरावांच्या मागून त्यांच्या पत्नी कुसुमताई कडाडल्या, "अहो, जगाशी गप्पा राहू द्या, पोहे गार झाले!"

बटण सुटलं.

"कुनी हाय का... म्या उद्धव... गच्चीवर पडलोय... पाय..."

सोपानराव तोवर पोह्यांकडे गेले होते. शेजारच्या गावातल्या माणसाला कळलं नाही. ऐकलं ते शिकागोच्या नानासाहेबांनी. त्यांनी कुसुमताईंना फोन लावला, तेव्हा कुठे सोपानराव धापा टाकत आमच्या गच्चीवर आले.

"हाक मारायची की रे, उद्धवा!"

"मारतच व्हतो. तू जागा दिलीस व्हय?"

सोपानराव खाली बसले.

हाड जुळलं, पण उद्धवरावांना आता जिना चढवत नाही. त्यांच्या मुलानं, जयदीपनं, त्यांना मोबाइलवरूनच या गप्पा मारायचं ॲप घालून दिलं. मी खिडकीत असतो. माझी बॅटरी दमली आहे, धूळ पुसायचंही कोणाला सुचत नाही. तरी उद्धवराव मधूनमधून मला कानाशी धरतात. एखादा नवा माणूस न थांबता बोलत सुटला, की त्यांचा अंगठा आपोआप माझ्या बटणावर येतो. बोलायचं काहीच नसतं, तरी येतो.

मित्रांनो, मला पुसा, चार्ज करा, हे तर सांगायचंच आहे. पण त्याआधी एक ऐका. बटण दाबून बोलणाऱ्याला त्या वेळी काहीच ऐकू येत नसतं. तेव्हा तुमचं बोलून झालं की अंगठा उचला, आणि जरा वाट बघा.